तिसरा आरसा

ज्या गाण्याने लॉर्ना किवेलाचं नाव झालं, ते तिने मिनिॲपोलिसमधल्या एका धुलाईच्या दुकानात लिहिलं. नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायचे, तसलं दुकान. कपडे सुकवायच्या यंत्रात तिचाच एक बूट चुकून गेला होता आणि दर फेरीला आतून धप्प, धप्प असा आवाज येत होता. उठून बूट काढावा एवढंही तिच्या मनात आलं नाही. तिने साबणाच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्याच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या.

मी दोन्ही आरशांत पाहिलं.
काही नव्हतं.
बर्फाचं ढेकूळ होतं,
काही नव्हतं.

बस्स, एवढंच गाणं. हेच पुन्हा पुन्हा म्हणायचं, आणि शेवटी गिटार इतकी करकरवायची की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. ब्याण्णव सालचा ऑक्टोबर होता तो. लॉर्ना चोवीस वर्षांची होती. तिच्या बँडचं नाव 'सॉल्ट ट्रक', हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकत जाणाऱ्या गाडीवरून ठेवलेलं. ड्रम्सवर ग्रेडी नुटसन, बास गिटारवर पीट. पीट फारसा बोलत नसे, आणि या गोष्टीतही तो बोलत नाही.

'दोन्ही आरसे' हे गाणं आधी कॉलेजांच्या रेडिओवर वाजलं, मग मोठ्या रेडिओवर. वर्षभरात ते इतकं पसरलं की पेट्रोल भरायला थांबलं तरी ऐकू यायचं. कुणाला वाटे ते मोडलेल्या प्रेमाचं गाणं आहे, कुणाला वाटे नशेचं. एका मुलीने लॉर्नाला पत्र लिहून कळवलं की या गाण्यामुळे मी अजून जिवंत आहे. न्यूयॉर्कच्या एका मासिकाने छापलं की या बाईच्या सपाट आवाजात एका अख्ख्या पिढीचं बधिरपण उतरलं आहे.

तिच्या आईने, बेव्हने, ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि फोन केला. "पिढीचं बधिरपण म्हणजे काय गं? तुला सर्दी झाली होती का तेव्हा?"

"हो, झाली होती," लॉर्ना म्हणाली.

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

ती मूळची उत्तरेकडची, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातली. गावाचं नाव लिंडेन लेक. तिचे वडील आर्वो शाळेची बस चालवायचे. लॉर्ना चौदा वर्षांची असताना, ब्याऐंशीच्या डिसेंबरात, एका दुपारी शाळा सुटली आणि बस निघाली. तापमान उणे पंचवीस होतं. काचा आतून धुरकटलेल्या, बाहेरून गोठलेल्या. ब्रँडवोल्डांच्या घरासमोर बस थांबली, सात वर्षांची जोलीन ब्रँडवोल्ड उतरली आणि रस्ता ओलांडायला बसच्या पुढून निघाली. तिच्या हातात वर्गात कापून केलेला कागदाचा तारा होता. तो वाऱ्याने उडाला आणि बसच्या पुढच्या बंपरच्या दांड्याखाली गेला. ती वाकली. आर्वोने बस पुढे घेतली.

लॉर्ना मागच्या बाकावर होती. रस्त्यात गोठलेलं ढेकूळ यावं तसा बारीकसा धक्का तिला बसला. ती क्लॅरिनेटच्या पेटीचा बंद लावत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

चौकशी झाली. आर्वोवर काही ठपका आला नाही. मूल अचानक वाकलं, चालकाने आरसे पाहिले होते, दैवाचा भाग, असं ठरलं. गावात कुणी त्याला वाकडं बोललं नाही. उलट कुणी ना कुणी सहा महिने घरी जेवण आणून देत होतं. पण आर्वो त्या दिवसापासून कुठल्याही चाकामागे बसला नाही. गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर त्याने झाडलोटीचं काम धरलं. तिथे बर्फ घासायचं यंत्र चालवायला माणूस हवा होता, पगार जास्त होता, तरी त्याने नाही म्हटलं आणि झाडूच धरला. रोज दोन मैल जायचं आणि दोन मैल यायचं, तेही पायी. बेव्ह गाडी चालवायची, तो शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचा. अपघाताच्या रात्री जेवणाच्या टेबलावर तो जे एक वाक्य म्हणाला होता, "मी दोन्ही आरशांत पाहिलं," तेच दहा वर्षांनी धुलाईच्या दुकानात लॉर्नाच्या हातून साबणाच्या खोक्यावर उतरलं.

त्र्याण्णवच्या शरदात बँडचा दौरा चालला होता. नेब्रास्कातल्या सरळ, न संपणाऱ्या रस्त्यावर ग्रेडी व्हॅन चालवत होता आणि पीट मागे झोपला होता. समोरून एक पिवळी बस गेली. लॉर्ना काहीच घडलं नसल्यासारखी म्हणाली, "ते गाणं ना, माझ्या बाबांचं आहे." आणि तिने सगळं सांगून टाकलं. जेवायला काय मागवायचं हे सांगावं त्याच आवाजात.

ग्रेडीने आरशात मागे जाणारी बस पाहिली. मग म्हणाला, "आणि तू हे रोज संध्याकाळी गातेस?"

"गाते."

"काही होत नाही तुला?"

"नाही ना. तेच तर."

ग्रेडी मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. डिसेंबरात रेकॉर्ड कंपनीने गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. त्यासाठी कॅलिफोर्नियाहून फेलिक्स ऑर्डवे नावाचा दिग्दर्शक नेमला. त्याने ग्रेडीला फोनवर विचारलं, गाणं नेमकं कशाबद्दल आहे? आणि ग्रेडीने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

चार दिवसांनी लॉर्नाकडे फॅक्स आला. पांढरं शेत, पिवळी बस, रिकामे बाक, एकटा चालक. मागच्या बाकावर लॉर्ना बसून गाते. खाली फेलिक्सने हाताने लिहिलं होतं, "तुला चालेल ना?"

तिने ग्रेडीला फोन केला. "तू सांगितलंस."

"लॉर्ना, माझ्या तोंडातून गेलं गं. मी त्याला आत्ता सांगतो, बस काढून टाक म्हणून. शिव्या घाल मला, काहीतरी बोल तरी."

"राहू दे. चालेल."

तिला तेव्हा सगळंच चालत होतं. थंडगार पिझ्झा, ढेकणांची हॉटेलं, कुणाच्याही वहीवर सही. नाही म्हणायला मनात कुठेतरी काहीतरी रुतावं लागतं, आणि तिच्या मनात काहीच रुतत नव्हतं. तिने फॅक्सवर सही करून तो परत पाठवला.

फेलिक्सला खरा बर्फ हवा होता, म्हणून शूटिंग उत्तरेत ठरलं, लिंडेन लेकपासून चाळीस मैलांवरच्या एका गोठलेल्या शेतात. भंगाराच्या आवारातून सत्तरच्या दशकातली जुनी बस आणली होती. बेव्हला लेक इतक्या जवळ येणार याचाच आनंद. लॉर्नाने फोनवर फक्त "गाण्याचं शूटिंग" एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आईची गाडी शेतात येताना दिसली. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेले दोन मोठे ट्रे होते, खिमा, बटाट्याचे गोळे आणि मशरूमचं सूप घालून भाजलेले. पुढच्या सीटवर बाबा, हात मांडीवर.

लॉर्ना गाडीकडे धावली नाही. ती बसच्या दारात उभी होती, तिथेच उभी राहिली.

आर्वो खाली उतरला. त्याने कानटोपी खाली ओढली आणि बसकडे पाहिलं. बेव्हनेही पाहिलं. तिच्या हातातला ट्रे वाकडा झाला आणि टॉवेलाखालून गरम सूप बर्फावर ठिबकलं.

"लॉर्ना," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"व्हिडिओ, आई."

"ते मला दिसतंय गं. बस कशाला?"

एवढ्यात बसच्या आतून गिअरचा कर्कश आवाज आला. चालकाच्या कामासाठी आणलेला नट सकाळपासून ती बस चालू करून बंद पाडत होता. पंचवीस माणसं थंडीत पाय आपटत उभी होती. फेलिक्स, अंगावर उसना घेतलेला मोठा कोट घालून, आकाशाकडे पाहून ओरडत होता की उजेड तीन वाजता जाणार आहे, तीन वाजता!

आर्वो हळूहळू बसपाशी गेला आणि खालूनच नटाला म्हणाला, "क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा गिअर काढताना, एकदा घालताना."

"काका, मी तेच करतोय!"

"नाही करत तू."

फेलिक्सने वळून पाहिलं. साठीचा माणूस, रुंद खांदे, रापलेला चेहरा, कानटोपी. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत काय चमकलं ते लॉर्नाला लांबूनही दिसलं. "तुम्हाला येते ही चालवता?"

"येत होती," आर्वो म्हणाला.

"फक्त त्या झाडांपर्यंत न्यायची आणि आणायची. लांबून घेणार आहे, चेहरा दिसणार नाही. कराल का, साहेब? तुमचे उपकार होतील."

फेलिक्सला हा माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. ग्रेडीला ठाऊक होतं. तो ड्रम्स टाकून धावत लॉर्नापाशी आला. "हे तुझे बाबा ना? अगं थांबव त्यांना! तू नाही सांगत तर मी सांगतो."

"तो नाही म्हणेल," लॉर्ना म्हणाली.

आर्वो नाही म्हणाला नाही. तो बेव्हकडे पाहत राहिला. बेव्हने ट्रे गाडीच्या टपावर ठेवला आणि हळूच मान हलवली. ती मान 'कर' म्हणत होती की 'नको', हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. नट उतरला. आर्वो पायरीवर एक पाय ठेवून थबकला, पुन्हा खाली आला आणि बसभोवती चालू लागला. उजवीकडून मागे, मागून डावीकडे. प्रत्येक चाकापाशी वाकून खाली पाहिलं. पुढे आल्यावर गुडघे टेकून दांड्याखाली पाहिलं. बॉनेटच्या कोपऱ्यावर एक गोल फुगीर आरसा होता, त्यावरचं हिम कोटाच्या बाहीने पुसलं, पुन्हा पुसलं. मग वर चढला.

लॉर्ना मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथेच बसायचं असं फॅक्समध्ये लिहिलं होतं. भोंग्यातून गाणं सुरू झालं, बस निघाली, आणि ती ओठ हलवत राहिली. मी दोन्ही आरशांत पाहिलं. काही नव्हतं. पुढे बाबांची मान दिसत होती. तिला काही वाटेल म्हणून ती वाट पाहत होती. काही वाटलं नाही. फक्त बोटं गार पडली होती.

अशा सतरा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला निघण्याआधी आर्वो उतरायचा, पूर्ण फेरी मारायचा, वाकायचा, आरसा पुसायचा. तिसऱ्या खेपेला फेलिक्स वैतागला. "अहो साहेब, खाली कुणी नाहीये! मैलभर कुणी नाहीये!" आर्वोने ऐकून घेतलं आणि फेरी पूर्ण केली. पाचव्या खेपेला फेलिक्स गप्प झाला. सहाव्या खेपेला त्याने कॅमेरावाल्याला खूण केली आणि कॅमेरा बस सोडून त्या माणसामागे फिरू लागला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे तंबूत बेव्हच्या ट्रेवर तुटून पडले. आर्वो ताट घेऊन बसमध्येच बसला होता, चालकाच्या मागच्या बाकावर. लॉर्ना त्याच्या समोर जाऊन बसली.

"खाल्लंस का?" त्याने विचारलं.

"खाईन."

तो बटाट्याचे गोळे एकेक करून खात होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ते वाक्य माझं आहे."

"हो."

"तुला आठवलं ते."

"हो. बाबा, मी विचारायला हवं होतं."

त्याने काट्याने ताटातला खिमा एका बाजूला केला. "बसला आरसे तीन असतात, लॉर्ना."

ती पुढे वाकली.

"दोन बाजूंना. तिसरा पुढे, तो गोल. दांड्यापुढे खाली काय आहे ते त्याच्यातच दिसतं. लहान पोरांसाठीच असतो तो." तो खिडकीतून बाहेर पाहत बोलत होता, हवामानाबद्दल बोलावं तसा. "त्या दिवशी तो गोठला होता. शाळेपाशीच मला दिसलं होतं. उतरून पुसायला हवा होता. पण सात मिनिटं उशीर झाला होता."

"चौकशीत..."

"त्यांनी विचारलं, आरसे पाहिलेत? मी म्हटलं, दोन्ही पाहिले. ते खरंच होतं. पुढे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही." त्याने ताट खाली ठेवलं. "तुझ्या आईलाही नाही."

लॉर्नाला ती सात मिनिटं आठवली. त्या दिवशी ती क्लॅरिनेट संगीताच्या खोलीत विसरली होती. बस भरून उभी असताना ती परत धावली होती, खोलीला कुलूप होतं, किल्ली शोधावी लागली होती. ती धापा टाकत बसमध्ये चढली तेव्हा बाबा म्हणाला होता, "मिळाली? बरं झालं, बस."

आत्ताही तो त्याबद्दल काही बोलला नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. दोघांचेही हात इतके गार होते की कोणाचा कोणता ते कळत नव्हतं.

फेब्रुवारीत व्हिडिओची टेप तयार होऊन आली. पुढच्या सोमवारपासून ती टीव्हीवर लागणार होती. लॉर्ना टेप घेऊन घरी आली. तिघांनी ती बैठकीत बसून पाहिली. लांबून घेतलेली बस आणि मागच्या बाकावरची लॉर्ना होतीच, पण खरा व्हिडिओ वेगळाच झाला होता. एक म्हातारा माणूस बसभोवती फेऱ्या घालतो, वाकतो, पाहतो, आरसा पुसतो. गिटार करकरत असते आणि तो पुसतच राहतो. चेहरा स्वच्छ दिसत होता.

संपल्यावर आर्वो म्हणाला, "डोलोरेसला आधी दाखवायला हवं."

डोलोरेस म्हणजे जोलीनची आई. लॉर्नाच्या अंगावर काटा यायला हवा होता, कारण हा विचार तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. गाणं लिहिताना नाही, सही करताना नाही, बसमध्ये बसताना नाही.

"तिला काय म्हणून दाखवणार आहेस?" बेव्ह उठून उभी राहिली. "अकरा वर्षांनी जरा कुठे त्या बाईचं... अरे आर्वो, राहू दे ना!"

"टीव्हीवर लागणार आहे, बेव्ह. ती एकटी असताना लागेल."

बेव्हने गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

डोलोरेस ब्रँडवोल्ड गावच्या पोस्टात खिडकीवर बसायची. नवरा काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडे निघून गेला होता. रविवारची दुपार होती. दार उघडल्यावर तिने तिघांकडे पाहिलं, मग आर्वोच्या हातातल्या टेपकडे.

"या," ती म्हणाली. "बूट तिथे काढा."

लॉर्नाने सांगायचं ठरवलं होतं, पण तीन वाक्यांतच ती अडखळली. डोलोरेसने हात वर केला. "गाणं मला माहिती आहे. पोस्टात दिवसभर रेडिओ चालू असतो. ते कशाबद्दल आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आपल्या गावात कोणाला कळलं नसेल असं वाटलं का तुला?"

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू काही विचारलं नाहीस. लाव ते."

टेप लागली. डोलोरेस खुर्चीच्या कडेवर बसून, डोळे बारीक करून पाहत होती. आर्वो पडद्यावर वाकला, उठला, बाहीने आरसा पुसू लागला. तिने हात लांब करून चित्र थांबवलं. पडद्यावर त्याचा हात आरशावर तसाच थरथरत राहिला.

"तेव्हा पुसला होतास?" तिने विचारलं.

"नाही," आर्वो म्हणाला.

बेव्हने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"गोठलेला होता?"

"गोठलेला होता. मला माहीत होतं. उशीर झाला होता."

"माझ्यामुळे," लॉर्ना म्हणाली. "मी वाद्य विसरले होते."

"तू गप्प बस," डोलोरेस तिच्याकडे न बघता म्हणाली. ती आर्वोकडे पाहत होती. "अकरा वर्षं सगळे मला सांगताहेत, मूल वाकलं. शाळेने तेच सांगितलं, पाद्र्याने तेच सांगितलं. मूल अचानक वाकलं, कोण काय करणार? आणि मी रोज स्वतःला विचारते, बसपुढे वाकायचं नाही हे मी तिला का शिकवलं नाही. एवढं साधं. बाकी सगळं शिकवलं. बुटाची नाडी शिकवली." ती थांबली. "तू मला अकरा वर्षं हे विचारू दिलंस, आर्वो."

"हो."

"रोज पोस्टासमोरून चालत जायचास. मला वाटायचं, बिचारा."

कुणीच रडलं नाही. डोलोरेसने टेप बाहेर काढली आणि लॉर्नाच्या हातात दिली.

"लावायची तर लावा. बंद करायची तर करा. ते मला विचारू नका, ते ओझं मी घेणार नाही. तिचं नाव मात्र कुठे घालायचं नाही. गाण्यात नाही आणि मुलाखतीत नाही. ते माझ्यापाशी राहू दे." मग दाराकडे बोट केलं. "आता जा."

गाडीत बेव्ह बराच वेळ किल्ली न फिरवता बसली. शेवटी म्हणाली, "मलाही नाही सांगितलंस." आर्वोने हात मांडीवर ठेवले. ती पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एके सकाळी कॉफी ओतताना "साखर संपलीय" म्हणाली, आणि त्यांचा संसार पुढे सुरू झाला.

आर्वो दुसऱ्याच दिवशी शेरीफच्या कचेरीत चालत गेला आणि तिसऱ्या आरशाचं सगळं सांगून आला. तिथल्या तरुण माणसाने नीट लिहून घेतलं. महिन्याभराने पत्र आलं, प्रकरण बंद झालेलं आहे, कळवल्याबद्दल आभार. त्याला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. ते पत्र त्याने घडी घालून बायबलमध्ये ठेवलं.

लॉर्नाने कंपनीला फोन करून व्हिडिओ थांबवायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने 'चालेल' न म्हणता 'नाही' म्हटलं, आणि समोरच्या बाईने अगदी गोड आवाजात तिला कागदावरच्या सहीची आठवण करून दिली. फेलिक्सलाही तिने सांगितलं की तो माणूस कोण आहे. "मी काढून टाकला असता," तो म्हणाला, "पण आता माझ्याही हातात नाही गं." तो खरं बोलत असावा.

सोमवारी व्हिडिओ लागला. उन्हाळ्यापर्यंत तो सगळ्यांना पाठ झाला. त्याला बक्षीसही मिळालं. हॉकीच्या मैदानावर पोरं आर्वोला ओळखू लागली. "तुम्ही ते टीव्हीवरचे बसवाले ना?" म्हणून सही मागायची. तो झाडू भिंतीला टेकवायचा, सही करायचा आणि पुन्हा झाडायला लागायचा. बेव्ह म्हणायची, नाही म्हण ना त्यांना. तो म्हणायचा, "पोरं आहेत."

लॉर्ना ते गाणं आणखी वर्षभर गायली. पंच्याण्णवच्या वसंतात शिकागोच्या एका हॉलमध्ये दुपारच्या कार्यक्रमात ती पहिल्या ओळीपाशी आली आणि तिने तोंड उघडलंच नाही. हजार दीड हजार लोकांनी ते गाणं तिच्याशिवाय म्हटलं. काही नव्हतं, काही नव्हतं, हात वर करून, हसत हसत. ती माईकसमोर उभी राहून ऐकत होती. नंतर तिने ग्रेडीला सांगितलं, हे गाणं यादीतून काढ.

"लोक त्याच्यासाठी तर येतात."

"मग नको येऊ देत."

ग्रेडीने गाणं काढलं. लोक खरोखरच यायचे कमी झाले. वर्षाच्या आत सॉल्ट ट्रक मोडला, भांडण न होता, कुणाला फारसं काही न वाटता. पीट सुतारकाम करू लागला. लॉर्ना उत्तरेला परतली. लिंडेन लेकपासून तासाभरावर तिने वाद्यं दुरुस्त करायचं छोटं दुकान काढलं. गाणी ती लिहीत नव्हती.

सत्त्याण्णवच्या जुलैत ती आईबाबांकडे आली होती. एका गिऱ्हाईकाला दुरुस्त केलेली बासरी पाठवायची होती म्हणून खोकं घेऊन पोस्टात गेली. खिडकीवर डोलोरेस होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. आत आणखी कुणी नव्हतं.

डोलोरेसने खोकं वजनावर ठेवलं. "आत काय?"

"बासरी."

"नाजूक म्हणून शिक्का मारू?"

"मारा."

तिने शिक्का मारला, तिकिटं चिकटवली, पावती फाडून पुढे केली. लॉर्नाने पावती घेतली, तरी ती जागची हलली नाही. डोलोरेसनेही पुढच्या माणसाला हाक मारायचं नाटक केलं नाही.

"ती गायची," डोलोरेस म्हणाली. "चर्चमध्ये. पहिल्या रांगेत उभी राहून, सगळ्यांच्या वर आवाज काढून. इतकी बेसूर, इतकी बेसूर, की ऑर्गन वाजवणारी बाई हसू दाबायला खोकायची." तिच्या तोंडाची एक कड वर गेली. "तुला म्हणून सांगितलं. तू गाणारी आहेस."

"मी आता गात नाही."

"माहीत आहे मला. आर्वो सांगतो."

"बाबा बोलतो तुमच्याशी?"

"पोस्टासमोरून जातो ना रोज. कधी थांबतो, कधी नाही." तिने शिक्क्याचं झाकण लावलं. "आणखी काही हवं होतं?"

"नाही. झालं."

लॉर्ना बाहेर आली. दुकानाच्या व्हॅनमध्ये बसली. दुपारचं ऊन काचेवर आलं होतं. खाणीकडचे ट्रक एकामागून एक जात होते. तिने किल्ली हातात धरली, पण हात थरथरत होते, म्हणून ते थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. बराच वेळ लागला. डोलोरेसने सांगितलेलं तिने कुठे लिहून ठेवलं नाही, आणि घरी गेल्यावर आईने "एवढा वेळ कुठे होतीस गं?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोस्टात."